मेंदूच्या लहरींवरून स्वभाव कळतो का हो?

खाडीपल्याड | १७ मे, रात्री ९:१२

दहावीचा निकाल तोंडावर आला की आमच्या तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयांना दुहेरी हंगाम असतो. मुहूर्त असेल त्या दिवशी लग्न, नसेल त्या दिवशी शिबिर. यंदाचं शिबिर होतं 'ब्रेन मॅपिंगद्वारे व्यक्तिमत्त्व आणि करिअर'. भावाची मुलगी जाऊन आली. कपाळाला पट्टा बांधला, थोडा वेळ डोळे मिटून बसवलं, मग पडद्यावर गणितं आणि चित्रं दाखवली, एक प्रश्नावली भरून घेतली आणि जाताजाता दहाही बोटांचे ठसे घेतले. हातात आला तो गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल. मेंदूचं चित्र, कपाळाकडे निळं, पाठीमागे लालभडक. त्याखाली चार अक्षरी निदान: 'आयएनएफपी'. म्हणजे अंतर्मुख, कल्पनेत रमणारी, भावनेने निर्णय घेणारी वगैरे. शिफारस: विज्ञान शाखा टाळावी, कला किंवा समुपदेशन बघावं.

ही मुलगी विहिरीवरचा पंप पाणी उचलेनासा झाला की स्वतः फूटव्हॉल काढून साफ करते. पण भाऊ आता म्हणतो, मेंदूच वाचलाय म्हटल्यावर आपण कोण बोलणार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मेंदू हा माझा प्रांत नव्हे. पण गेले काही दिवस मिळेल ते वाचतोय. जमलंय तेवढं मांडतो, जाणकारांनी पुढे न्यावं.

लहरी खऱ्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. जर्मनीतल्या येना इथला मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर याने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विद्युतलहरी नोंदवल्या आणि पाच वर्षं स्वतःच स्वतःवर शंका घेत बसून १९२९ साली प्रसिद्ध केल्या. गंमत म्हणजे त्याच्या मनात मूळ ओढ होती ती एका मनातलं दुसऱ्या मनात पोचतं कसं याची! ते काही सापडलं नाही, ईईजी (या लहरींचा आलेख) सापडला. डोळे मिटले की सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या आल्फा लहरी उठतात, उघडले की दबतात.

चार अक्षरांचा उगम वेगळा. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी केली. तिच्यावरून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी प्रश्नावली रचली. दोघींपैकी कुणाचंही मानसशास्त्राचं शिक्षण झालेलं नव्हतं. चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर, म्हणून सोळा प्रकार. या सगळ्यात मेंदूला तार कुणीच लावली नव्हती.

तार लावायची कल्पना आली ती मुख्यतः लंडनचा मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक याच्यामुळे. १९६७ साली त्याने मांडलं की मेंदूच्या देठात जागेपण सांभाळणारी जी यंत्रणा आहे ती अंतर्मुख माणसांत मुळातच जास्त चढी असते. आतच पुरेशी खळबळ, म्हणून बाहेरचा गोंगाट नकोसा. बहिर्मुखांचं उलट, त्यांना जाग यायलाच शिमगा लागतो. हे पडताळता येण्यासारखं विधान होतं, म्हणून मला आवडलं. पुढे लॉस एंजेलिसच्या दारिओ नार्डी यांनी विद्यार्थ्यांना ईईजीच्या टोप्या घालून सोळा प्रकारांचे लहरींचे नमुने दाखवले. त्यांचं पुस्तक २०११ चं. अहवालातली रंगीत डोकी बघितली तर त्याच वळणाची वाटतात.

माझं आजचं मत असं: स्वभावाचा मेंदूशी संबंध नसेल तर कशाशी असेल? गुडघ्याशी? संबंध आहेच. पण शंभर अंतर्मुखांची सरासरी शंभर बहिर्मुखांपेक्षा थोडी वेगळी निघणं ही एक गोष्ट, आणि अमुक मुलीच्या कपाळाला पट्टा लावून 'विज्ञान टाळा' म्हणणं ही दुसरी. मधला पूल कुणी बांधलाय का, एवढाच प्रश्न आहे.

---

तिरफळ | १७ मे, रात्री ९:४०

आमच्या आयेक असलो पट्टो लागणा नाय. माणूस खळ्यात इलो की चपला खंय काढता ता बघून ती सांगता, ह्यो कसलो ता. फी एक कप चाय, ती पण तीच देता.

---

बांधावरचा | १७ मे, रात्री १०:०५

सर, शिबिराचं समर्थन नाही, पण चार अक्षरांना एकदम मोडीत काढू नका. मी मुंबईत मनुष्यबळ विभागात आहे (गाव संगमेश्वर). आमच्याकडे नव्या टीमला ही प्रश्नावली देतात. त्यातून मेंदू वगैरे कुणी काढत नाही. पण एरवी तोंड न उघडणारा मुलगा 'मला मीटिंगमध्ये लगेच सुचत नाही, आधी विषय कळवा' हे या निमित्ताने तरी बोलून दाखवतो. व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपण म्हणतोच, इथे सोळात बसवलंय इतकंच.

---

खाडीपल्याड | १७ मे, रात्री १०:२२

@बांधावरचा, गप्पांना निमित्त म्हणून ठीकच. पण तुमच्याकडे त्या अक्षरांवरून बढती ठरते का?

---

बांधावरचा | १७ मे, रात्री १०:२९

नाही. निदान कागदावर तरी नाही. :)

---

सुरंगी | १८ मे, सकाळी ७:१५

मी रत्नागिरीत ईईजी काढते, बऱ्याच वर्षांपासून. काल रात्री धागा वाचला तेव्हाच हात शिवशिवत होते, पण ड्युटी होती.

आमच्याकडे पेशंटला आदल्या दिवशी एकच गोष्ट तीनतीनदा सांगावी लागते: डोकं शाम्पूने धुवा आणि तेल लावू नका. कोकणात हे सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. प्रत्येक आजी येऊन म्हणते, 'नाही हो लावलं, जरासं खोबरेल टाळूवर, थंडाव्याला.' ते जरासं खोबरेल कातडी आणि इलेक्ट्रोडच्या मध्ये बसलं की विजेला अडथळा वाढतो आणि रेघ बिघडते. मग केसांचा भांग पाडून, खरखरीत जेलने तेवढी जागा घासून, पेस्ट लावून एकेक इलेक्ट्रोड बसवायचा. जागा अंदाजाने ठरवत नाहीत. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची आणि त्या लांबीच्या १० आणि २० टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या. म्हणून त्या पद्धतीचं नावच '१०-२०'. लहान मूल रडत असलं तर या तयारीतच निम्मी सकाळ जाते.

एवढं का? कारण मिळणारा सिग्नल असतो ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास. टीव्हीच्या रिमोटमधल्या दीड व्होल्टच्या सेलचा तीस हजारावा भाग. त्यापेक्षा दात आवळल्यावर जबड्याचे स्नायू जास्त वीज देतात. पापणी लवली तरी कपाळाकडच्या रेघा उसळतात. मे महिन्यात एसी बंद पडला तर घामाने सगळ्या रेघा लाटांसारख्या वरखाली व्हायला लागतात. पंखा, इन्व्हर्टर, चार्जरला लावलेला मोबाइल यांची ५० हर्ट्‌झची गुणगुण वेगळी. पेशंट रात्री झोपला नसेल तर चित्र वेगळं, नुकतंच जेवून पेंगत असेल तर वेगळं. मंगल कार्यालयात, पंख्याखाली, पट्टा बांधून जे मिळालं असेल त्यात मेंदू किती आणि भुवया किती हे मला तरी सांगता येणार नाही.

आता खरा मुद्दा. खाडीपल्याड सर, तुम्ही लिहिलंय की पट्टा कपाळाला होता आणि चित्रात मागचा भाग लालभडक होता. डोळे मिटल्यावरच्या आल्फा लहरी सर्वांत ठळक असतात त्या डोक्याच्या मागच्या बाजूला, हे बरोबर. पण मागे इलेक्ट्रोड होता कुठे? तो लाल रंग कुठून आणला हे शिबिरवाल्यांना विचारा. मलाही उत्तर हवंय.

आणि आम्ही हे सगळं करतो ते फिट्स, मेंदूचा ताप, बेशुद्धी यांसाठी. ज्याला फिट्स येतात हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याचाही एकदा काढलेला ईईजी साफ नॉर्मल येऊ शकतो. डॉक्टर पुन्हा काढायला सांगतात, झोपेतला काढायला सांगतात. रिपोर्टवर 'स्वभाव' असा रकाना मी आजवर पाहिलेला नाही.

---

मोहोर | १८ मे, सकाळी ८:३०

सुरंगीताई, काय सुंदर समजावलंत! तो लाल रंग माझ्या लक्षातच आला नव्हता.

आमच्याकडे देवगडातही असंच काहीतरी आलं होतं. माझा मुलगा 'उजव्या मेंदूचा' निघाला. म्हणजे कलाकार. गणितात कमी पडला की आता हेच ऐकवतो, 'आई, माझा डावा चालत नाही.'

---

डोलकाठी | १८ मे, दुपारी १:१०

मी अलिबागचा, सध्या बेंगळुरूत मेंदूविज्ञानात संशोधन करतो. पसारा मोठा आहे, जेवणाच्या सुट्टीत मावेल तेवढं लिहितो.

मोहोरताई, आधी तुमच्या चिरंजीवांचं. डाव्या-उजव्या मेंदूची कथा निघाली ती रॉजर स्पेरी यांच्या कामावरून. गंभीर फिट्समुळे ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेने कापला होता, अशा रुग्णांवर त्यांनी प्रयोग केले. १९८१ चं नोबेल त्यासाठीच. भाषेसारखी काही कामं बहुतेकांत डावीकडे जास्त होतात, हे खरं. पण म्हणून 'डाव्या मेंदूची माणसं' आणि 'उजव्या मेंदूची माणसं' अशा दोन जाती होत नाहीत. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गटाने ७ ते २९ वयाच्या १०११ जणांचे स्कॅन तपासले. एखाद्याची अख्खी डावी किंवा अख्खी उजवी बाजू जोरात चालते, असं काही निघालं नाही. त्याला म्हणावं दोन्ही चालतात, पाढे म्हण.

आता सोळा प्रकार. मेंदूच्याही आधी अडचण आहे ती प्रकारांतच. कुठलाही स्वभावगुण मोजला तर बहुतेक माणसं मधोमध गर्दी करतात, टोकाला थोडी. आंब्याच्या पेटीसाठी वजनावरून प्रती पाडतात तसं आहे हे: काटा कुठे धरायचा ते बागायतदार ठरवतो, आणि रेघेच्या अल्याड-पल्याडचे दोन आंबे एकमेकांच्या जास्त जवळचे असले तरी जातात वेगळ्या पेटीत. म्हणून तीच माणसं काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरतात तेव्हा बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं. आता चार अक्षरंच जर बदलत असतील, तर मेंदूचा नमुना नेमका कुठल्या अक्षरांशी जुळवायचा?

संशोधक त्यामुळे सहसा पाच मोजपट्ट्या वापरतात: नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि मनाची अस्थिरता. पेट्या नाहीत, पट्ट्या. प्रत्येकीवर माणूस कुठेतरी असतो. २०१८ मध्ये पंधरा लाखांहून जास्त लोकांच्या उत्तरांतून प्रकार शोधायचा प्रयत्न झाला, तेव्हा चार ढोबळ पुंजके दिसले. सोळा नव्हेत. त्यांतला एक तर 'सर्वसाधारण'!

---

तिरफळ | १८ मे, दुपारी १:२२

म्हणजे माझो प्रकार गावलो. सर्वसाधारण.

---

नाना_वाडीकर | १८ मे, दुपारी ४:००

निवृत्त शिक्षक आहे, जीवशास्त्र शिकवायचो. वर्गात एक खेळ करायचो तो सांगतो, मूळ माझा नव्हे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांची 'व्यक्तिमत्त्व चाचणी' घेतली आणि प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं. ते कितपत जुळतं यावर पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही फुटपाथवरच्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला.

मी मुलांना लिहून द्यायचो: 'तू बाहेरून हसतमुख असलास तरी आतून कधीकधी एकटा असतोस. तुझ्यात गुण आहेत, पण त्यांचा पुरता वापर अजून झालेला नाही.' अख्खा वर्ग म्हणायचा, गुरुजी, हे तुम्हाला कसं कळलं! पुतणीच्या अहवालातलं वर्णन भावाला 'अगदी जुळतं' वाटलं असेल तर शेजारच्या मुलीचा अहवाल नाव झाकून त्याला वाचायला द्या. काय म्हणतो बघा.

---

अडुळसा | १८ मे, संध्याकाळी ६:४५

सगळे पाश्चात्त्यांवरच थांबलात. वात, पित्त, कफ ही विभागणी आपल्याकडे किती आधीपासून आहे! मी वैद्य आहे. प्रकृती नाडीवरून, त्वचेवरून, भुकेवरून, झोपेवरून बघतो. त्यात शरीर आणि मन वेगळं धरतच नाहीत.

---

सुरंगी | १८ मे, संध्याकाळी ७:०२

वैद्यकाका, मान आहेच. पण तुम्ही प्रकृती बघून पथ्य सांगता, पेशंट परत येतो, तुम्ही बदल करता. अकरावीची शाखा ठरवून तर मोकळे होत नाही ना?

---

अडुळसा | १८ मे, संध्याकाळी ७:१०

नाही बुवा. शाखा आईबाप ठरवतात आणि मग पित्ताचा पेशंट माझ्याकडे येतो.

---

डोलकाठी | १८ मे, रात्री १०:३०

उरलेलं लिहितो. आयझेंकपासून.

त्याचा एक प्रयोग घरी करण्यासारखा आहे: लिंबाचा. जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे, लाळ कापसात टिपायची आणि आधीच्या कापसाच्या वजनाशी ताडून बघायची. अंतर्मुखांना जास्त लाळ सुटायला हवी, कारण त्यांची यंत्रणा आधीच तापलेली. साठच्या दशकातल्या प्रयोगांत तसा कल दिसलाही. ईईजीवर मात्र गाडी अडली. अंतर्मुखांत आल्फा कमी, म्हणजे जागेपण जास्त, असं काहींना दिसलं. काहींना दिसलंच नाही. काहींना उलट दिसलं. प्रयोगात माणूस कंटाळलाय की घाबरलाय, खोलीत काय चाललंय, यावर सगळं फिरायचं. आयझेंकची कल्पना पूर्ण मेली नाही, पण 'लहरी बघून सांगतो' इथपर्यंत ती कधीच पोचली नाही. नार्डींच्या कामाबद्दल एवढंच म्हणेन की माणसं थोडी, प्रकार सोळा, त्यामुळे एकेका प्रकाराच्या वाट्याला मूठभरच डोकी आली. वेगळ्या प्रयोगशाळांनी ते तपासून पक्कं केलंय असं नाही.

मग एमआरआय आला आणि लोकांना वाटलं, आता कळेल. २०१० साली ११६ जणांच्या मेंदूंची मापं काढून पाच पट्ट्यांशी ताडली. बहिर्मुखता आणि कपाळामागचा, बक्षिसाची किंमत जोखणारा एक भाग यांचा संबंध दिसला. कर्तव्यदक्षतेचा पुढच्याच दुसऱ्या भागाशी. सुरेख निष्कर्ष, सगळीकडे छापून आला. २०२० मध्ये तसाच पडताळा ११०७ विद्यार्थ्यांवर घेतला, तेव्हा हाती जवळजवळ काही लागलं नाही.

असं का होतं ते २०२२ साली 'नेचर'मधल्या एका शोधनिबंधाने दाखवलं. सुमारे पन्नास हजार लोकांचे स्कॅन एकत्र करून त्यांनी म्हटलं की मेंदूची रचना आणि वागणूक यांतले खरे संबंध इतके बारीक आहेत की ते भरवशाने पकडायला हजारो माणसं लागतात. आणि या क्षेत्रातल्या अभ्यासात साधारण असायची किती? पंचवीसच्या घरात. थोडी माणसं घेतली की योगायोगाने मोठा आकडा येतो, मोठा आकडा आला की छापला जातो, आणि छापलेला परत तपासला की विरघळतो.

अगदीच शून्य आहे असंही नाही. २०१८ साली ८८४ जणांच्या निवांत पडून असतानाच्या मेंदूव्यवहारावरून 'नव्याची ओढ' थोडीफार ओळखता आली. थोडीफार म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा दोन-अडीच टक्के. बाकीचा साडेसत्त्याण्णव टक्के माणूस यंत्राबाहेरच राहिला.

आणि मेलेला मासा राहिलाच. २००९ साली काही अमेरिकन संशोधकांनी मेलेला अटलांटिक सामन एमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसाच्या मनात काय चाललंय असं विचारलं. माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली! कारण यंत्र हजारो बारीक ठिपके एकदम तपासतं. योग्य ती सांख्यिकी दुरुस्ती केली नाही तर काही ठिपके निव्वळ योगायोगाने पेटलेले दिसतात. दुरुस्ती केल्यावर मासा पुन्हा मेला. २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं.

---

तिरफळ | १८ मे, रात्री १०:४१

सामन म्हणजे रावस ना रे?

---

डोलकाठी | १८ मे, रात्री १०:४४

नाही. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणतात, पण दोघांचं नातं नाही. सामन थंड पाण्यातला, अंडी घालायला नदीत चढतो.

---

तिरफळ | १८ मे, रात्री १०:४७

बरा झाला. रावस असतो तर स्कॅनच्या आधीच तळलो असतो.

---

मोहोर | १९ मे, सकाळी ६:५०

एक मनापासून विचारते. माझी धाकटी चार वर्षांची. पाहुणे आले की माजघरात जाऊन लपते, गणपतीत आरतीच्या वेळी झांजा वाजल्या की कान दाबून रडते. थोरला याच्या अगदी उलट, तान्हा असताना ढोलापाशी झोपायचा. एकाच घरातली, एकाच हातची मुलं. हे मेंदूतूनच आलेलं नसेल तर काय?

---

डोलकाठी | १९ मे, सकाळी ९:१५

मोहोरताई, या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. आणि इथे मेंदूचा पुरावा खरोखर बरा आहे.

हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, हलती खेळणी, वास असं काहीबाही दाखवलं. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडायचं, पाठ ताणायचं, रडायचं. पाचातली दोन निवांत पडून राहायची. उरलेली मधली. ही बाळं मोठी होताना त्यांनी पुढची कित्येक वर्षं बघितली. झाडणाऱ्यांतली बरीच पुढे लाजाळू, जपून वागणारी झाली. २००३ साली त्यांच्या गटाने, दोन वर्षांची असताना बुजरी किंवा धीट म्हणून नोंदलेली मुलं विशीत आल्यावर त्यांना स्कॅनरमध्ये घेतलं. अनोळखी चेहरे दाखवल्यावर लहानपणी बुजऱ्या असलेल्यांच्या मेंदूतली अमिग्डाला, म्हणजे 'सावध हो' म्हणणारी बदामाएवढी गाठ, जास्त उसळत होती. माणसं मात्र जेमतेम बावीस, हे मी काल ज्या तोंडाने बोललो त्याच तोंडाने सांगायला हवं.

पण केगन यांचंच दुसरं निरीक्षण असं की झाडणारी सगळी बाळं लाजाळू झाली नाहीत. बरीच मधोमध आली. टोकाच्या उलट स्वभावाची मात्र फारच थोडी झाली. जन्मतः मिळतो तो कल. जुळ्यांच्या अभ्यासांतही स्वभावातल्या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक निघतो. उरलेला कुठून येतो याचा हिशेब एकाच घरातल्या भावंडांतही जमत नाही, हे तुम्ही बघताच आहात.

---

नाना_वाडीकर | १९ मे, सकाळी १०:००

स्वभावाला औषध नाही म्हणतात ते अर्धंच खरं म्हणायचं. मोहोरताई, झांजांपासून जरा लांब, ओटीवर बसवा तिला. माझी बहीण अशीच होती, पुढे भजनी मंडळात पेटी वाजवायला लागली.

---

खोतीचा_दावा | १९ मे, दुपारी १२:३०

वकील आहे, एक भर. 'ब्रेन मॅपिंग' हा शब्द आपल्याकडे कोर्टातून जास्त पसरला. २००८ साली पुण्याच्या एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींवरून 'अनुभवाची आठवण' ओळखल्याचा अहवाल पुराव्यात धरला गेला होता, त्यावर जगभर टीका झाली. मग सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात, ५ मे २०१० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही. आरोपीला एवढं संरक्षण आहे, दहावीच्या पोरांची संमती घेतं कोण?

---

खाडीपल्याड | १९ मे, दुपारी २:१५

वकीलसाहेब, संमतीपत्रावर भावाची सही आहे. बारीक अक्षरात, इंग्रजीत.

बोटांच्या ठशांचं कुणी बोललं नाही. अहवालात अंगठ्यावरून 'नेतृत्व' काढलंय.

---

डोलकाठी | १९ मे, दुपारी २:४०

सोपं आहे म्हणून राहिलं. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात बोटांवर रेघा उमटू लागतात, त्याच सुमारास मेंदूही घडत असतो, म्हणून बोटांवरून मेंदू कळतो, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच सुमारास मूत्रपिंडंही घडत असतात. ठशांचं शास्त्र खोटं नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत तळहातावर एकच आडवी रेघ जास्त वेळा आढळते, डॉक्टर ते बघतातही. पण अंगठ्यावरच्या चक्रावरून नेतृत्व? त्याला काडीचा आधार नाही.

---

बांधावरचा | १९ मे, दुपारी ३:०५

मी परवा बाजू घेतली होती, तिच्यावर ठाम आहे. माणसांना स्वतःबद्दल बोलायला काहीतरी खुंटी लागते. फक्त त्या खुंटीवर मेंदूचं रंगीत चित्र टांगलं की किंमत दसपट होते, हे आमच्या धंद्यातही दिसायला लागलंय. कपाळपट्टे विकणारे आमच्याकडेही येऊन गेले.

---

खाडीपल्याड | २१ मे, रात्री ८:५०

सुरंगीताईंचा प्रश्न विचारला. फोनवरच्या बाई आधी म्हणाल्या, 'सर, ते सायंटिफिक आहे.' मी म्हटलं, असेल, पण मागे इलेक्ट्रोड नव्हता. थोड्या वेळाने त्यांच्या 'टेक्निकल'वाल्याने फोन घेतला आणि सांगितलं की पुढच्या रीडिंगवरून मागचा भाग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. आणि चार अक्षरं? ती प्रश्नावलीवरून. म्हणजे पट्टा कशाला होता ते त्याने सांगितलं नाही.

पुतणीला विचारलं, प्रश्नावलीत काय भरलंस. म्हणाली, 'काका, सत्तर-ऐंशी प्रश्न होते. पार्टीत तुम्हाला मजा येते का, असं विचारलं होतं. आपल्याकडे कुठे पार्टी असते? मी नाही लिहिलं.' झाली अंतर्मुख.

नानांची युक्तीही केली. मैत्रिणीचा अहवाल, नाव झाकून. भावाने मन लावून वाचला आणि म्हणाला, हा तर माझाच वाटतो. शाखेचं अजून ठरत नाही, निकाल लागू दे म्हणतो.

---

सुरंगी | २१ मे, रात्री ९:३०

अंदाजाने भरलेला लाल रंग! उद्या आमच्या डॉक्टरांना सांगते.

---

मोहोर | २३ मे, सकाळी ११:२०

काल आमच्याकडे लिंबाचा प्रयोग झाला. रविवार, सगळे घरी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कापसाचं वजनच दाखवेना, म्हणून शेजारच्या सोनारकाकांचा काटा आणला. ते स्वतःही बसले. सर्वांत जास्त लाळ कुणाला, तर दिरांना. म्हणजे शिमग्यात पालखीपुढे नाचून गाव जागं ठेवणाऱ्या माणसाला. आयझेंकचं काय करायचं?

---

सुरंगी | २३ मे, सकाळी ११:३४

दीर तंबाखू खातात का?

---

मोहोर | २३ मे, सकाळी ११:३६

खातात.

---

डोलकाठी | २३ मे, दुपारी १२:०२

मग त्यांना यादीतून काढा. बाकीच्यांत कल कसा होता?

---

मोहोर | २३ मे, दुपारी १२:१५

सोनारकाका कोरडे. नवऱ्याची लाळ बेताची. आणि सासूबाईंचा आकडाच नाही, कारण कापूस तोंडात टिकला तर ना! बोलायच्या थांबेनात.